सवाशिनीचं ताट

बाईमानूस वाळलं का गाव आधी सुनंचं नाव घेतं. माझं वजन उतरलं तवा आमच्या गल्लीत असंच झालं. किरानाच्या दुकानात एका बाईनं माझ्या सुनंला सगळ्यांदेखत इचारलं, "काय गं, सासूला कोंडून ठिवती का? निस्ता सापळा झाला म्हातारीचा." ती बिचारी च्याची पुडी न घेताच घरी आली अन् गॅसपाशी तोंड फिरवून उभी ऱ्हायली.

मी आधी काय हुते ते कोनी इचारलं न्हाई.

आमचं गाव सोनईच्या जवळ. कांदा, ऊस, चार गाया. लग्न होऊन आले तवा मी अशी हुते का वारं आलं तर उडंल. खुरपन, कांदा लावनी, डोक्यावर चाऱ्याचा भारा, सगळं केलं. दुसरी यत्ता शिकले, पुढं बहिनीला सांभाळाया घरी बसवलं, ते बसवलंच. कामाचं काही वाटलं न्हाई कधी. मंग माझी पिशवी काढली. डाक्टर म्हनले, जड उचलायचं न्हाई. वर्षभर उचललं न्हाई, अन् शरीराला ती सवय लई आवडली. पुढं सून आली, हातातलं काम तिनं घेतलं. खायचं तेवढं माझ्याकडं ऱ्हायलं. बी.पी. आली, शुगर आली, गुडघे गेले. पंगतीत बसले का दोघीतिघींनी धरून उठवायचं. बाया हसायच्या, मी बी हसायची.

एक दिवस संडासात बसले अन् उठता येईना. भित्ताला धरलं, नळाला धरलं. गुडघा वर येतच न्हवता. हाक मारायची लाज वाटली म्हनून लई वेळ तशीच बसले, पाय मुंग्यांनी मरून गेले. शेवटी हाक मारली. सुनंनं अन् शेजारनीनं काखंत हात घालून मला वर वढलं. आमचं म्हातारं अंगनात उभं हुतं. त्यांनी पाठ केली अन् गाईपाशी गेले. तो मानूस मला कधी वंगाळ शब्द बोलला न्हाई, पन ती पाठ मला अजून दिसती.

मंग पोरानं खुर्ची आनली, मधी भोक पाडल्याली, खाली बादली. त्या खुर्चीवर बसायचं अन् बादली सुनंनं रिकामी करायची. रोज. तिनं कधी नाक मुरडलं न्हाई. मुरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पोरानं नगरात सावेडीला एका हाडाच्या डाक्टरकडं नेलं. डाक्टर तरनाच हुता. त्यानं फोटो उजेडात धरून दावला. म्हनला, "आजी, गुडघा बदलता येतो. पन एवढं वजन त्याच्यावर ठिवलं तर तो बी बसंल. अन् ही शुगर अशी असताना मी सुरी लावनार न्हाई. आधी खाली या."

खाली आले. कशी आले म्हनून बाया इचारत्यात. त्यात काही जादू न्हवती. बाजरीची अर्धी भाकर, पालेभाजी, मुगाचं कालवन. च्यात साखर न्हाई. गूळ-शेंगदाना न्हाई, सनासुदीचं तळन न्हाई. काठी घेऊन पयल्यांदा गोठ्यापर्यंत, मंग फाटकापर्यंत, मंग लिंबापर्यंत, मंग कॅनॉलच्या कडंनं. वर्षाच्या वर गेलं. झंपर ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत जाया लागल्या. एक दिवस मी आपली आपन संडासात गेले अन् आपली आपन उठून आले. सुनंनं ती खुर्ची धुतली, उन्हात वाळवली अन् पत्र्याच्या शेडवर टाकून दिली.

डाक्टरला दावाया गेले तर तो खुशीनं उठून उभा ऱ्हायला. म्हनला, "आपरेशनची गरज न्हाई आता. चालतंय तोवर चालवा. पन आजी, हे झालं ते निम्मं. शरीर आता गेल्यालं परत मागंल. लई मागंल. दिलं, अन् वजन परत चढलं, तर हे गुडघे दुसऱ्यांदा तुमाला उचलनार न्हाईत. मंग माझ्याकडं बी काही न्हाई."

मला वाटलं, डाक्टर लोकं भ्या दाखवत्यात. पन तो बोलला ते खरं झालं.

वजन उतरत हुतं तवा बरं हुतं. महिन्याला काहीतरी हाताला लागायचं. आज झंपरची पिन एक बोट आत, आज पायरी न धरता चढले. आता हाताला काहीच लागत न्हवतं. हाय ते जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच. पेरनी केली का मानूस रोज शेतात जाऊन बघतं, किती वर आलं. राखनीला बसल्यावर काय बघायचं? गोफन घेऊन उभं ऱ्हायचं, पाखरं येत्यात, हानायची, परत येत्यात.

अन् भूक. मी गरिबीतली भूक बघितल्याली हाय. दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर पान्याबरोबर खाल्ली. ती भूक पोटात असायची, खाल्लं का जायची. ही भूक पोटात न्हवती. ही तोंडात, टाळूत, हातात. भरल्या पोटी यायची. सून पोरांसाठी शिरा करायची तर मी गोठ्यात जाऊन बसायची. तिथं पेंडीचा वास यायचा, तो बी गोड लागायचा. कारखान्याचा हंगाम लागला का मळीचा वास गावभर, त्यानं सुदीक तोंडाला पानी यायचं. एवढी म्हातारी मी, नातवाच्या हातातल्या बिस्कुटाकडं बघत बसायची अन् त्यानं पाह्यलं का दुसरीकडं बघायची.

कांद्याच्या चाळीत आमचा वजनकाटा हाय, गोन्या मोजायचा. कोनी नसलं का मी त्याच्यावर उभी ऱ्हायची. एकदा आमच्या म्हाताऱ्यानं बघितलं.

"कोनत्या मार्केटला चाललीस?" ते म्हनले. "एक नंबर का बारकी गोल्टी?"

"दोन नंबर," मी म्हनले. "गोल्टी व्हायला अजून टाईम हाय."

"मंग भाव पडलेला हाय तोवर घरीच ऱ्हा," म्हनले अन् हसत गेले.

अशी दीड-दोन वर्सं मी धरून ऱ्हायले. मंग तो श्रावन आला.

माझी धाकली जाऊ भित्ताच्या पलीकडं ऱ्हाती. वाटन्या झाल्या, पन भित्त कमरंएवढंच हाय, वाटी-चमचा इकडून तिकडं व्हतो. तिचा मालक, म्हंजी माझा दीर, काही वर्सांपूर्वी छातीत दुखून गेला. तिचं एकच पोरगं. रान हाय, बोअरला पानी हाय, ट्रॅक्टर हाय, निर्व्यसनी हाय, पन लगीन जमंना. पस्तिशी वलांडली. पोरीवाले येत्यात, च्या-पोहे खात्यात अन् इचारत्यात, नोकरी कुठं हाय? शेती करतो म्हनलं का कपबशी खाली ठिवत्यात. आमच्याकडं घरटी असं एक पोरगं हाय. पन ज्याचं त्याला.

जावंनं नवस बोलला. श्रावनातल्या सगळ्या शुक्रवारी सवाशीन जेवू घालीन, पुरनाच्या पोळीचं. अन् ती भित्ताशी येऊन मला म्हनली, "बाई, सवाशीन तुमीच."

"दुसरी बघ गं," मी म्हनले. "मला गोड बंद हाय, तुला ठावं हाय."

"दुसरी कोन बघू? लेकुरवाळी, नातवंडाची, वय झाल्याली अन् कपाळ भरल्याली गल्लीत तुमी एकट्याच ऱ्हायल्या. तरन्या सवाशिनी पैशाला पासरी. नवसाला जुनी लागती." मंग आवाज बारीक करून म्हनली, "मला कोनी बोलवतं का आता? तुमाला बोलवत्यात तर न्हाई म्हनू नका."

सवाशिनीचं बोलावनं मोडायचं नसतं, मोडलं तर ते आपल्या कुकवावर येतं, असं आमच्या आईनं सांगितल्यालं. अन् जावंचं कपाळ मोकळं माझ्यासमोर उभं हुतं. मी व्हय म्हनले.

पयल्या शुक्रवारी तिनं माझे पाय धुतले, हळदी-कुकू लावलं, पाटावर बसवलं. पोळी तव्यावरून थेट ताटात. वर तूप, बाजूला कटाची आमटी, भात, कुरडई, भजं. नवसाच्या ताटाची रीत अशी का घालनारीनं आग्रह करायचा अन् जेवनारीनं ताटात काही टाकायचं न्हाई. सवाशीन अर्धपोटी उठली तर नवस अर्धा. मी पयला घास घेतला. डोळे मिटले. एवढ्या दिवसांनी गूळ जिभंला लागला तर मला रडाया येऊ ऱ्हायलं. जाऊ समजली देवी पावली.

एक पोळी खाऊन उठीन ठरवलं हुतं. तीन खाल्ल्या.

मंग गल्लीत झालं, थोरली बाई आता जेवती. ज्यांनी माझ्या सुनंला बोल लावला त्याच बाया दारात आल्या. कोनाची जिवती, कोनाचं नवीन घर, कोनाच्या पोरीला दिवस गेल्याले. समद्यांना जुनी सवाशीन पाह्यजे. मी जायची. मनाला म्हनायची, रीत हाय, न्हाई कसं म्हनायचं? सुनंचं नाव बी धुऊन निघतंय. अन् शनवारी बी भूक जात न्हवती. गोडानं गोड मागितलं. सून रानात गेली का मी डब्यातला गूळ फोडायची. तिसरा शुक्रवार येईपर्यंत मी काट्यावर जायाचं बंद केलं.

त्या तिसऱ्या शुक्रवारी जेवून मी पाटावरून उठाया गेले तर डावा गुडघा आलाच न्हाई. हात टेकला, परत गेले, परत बसले. बायांनी बघितलं. दोघी उठल्या, काखंत हात घातला, वर वढलं. एकजन म्हनली, "लक्ष्मी जड झाली गं बाई! शकुन चांगला हाय, पोराचं जमतंय बघ आता."

समद्या हसल्या. मी बी हसले, पयल्यासारखी. पन काखंत ते हात लागले अन् मला संडासातला तो दिवस आठवला. तेच हात, तीच जागा.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात गेले. बसले. उठाया गेले अन् भित्ताला धरून परत खाली. दाराच्या फटीतून मला सुनंचे पाय दिसले. ती केव्हाची उभी हुती कुनाला ठावं.

"आत्या, येऊ का?"

"न्हाई."

"मंग उठा."

"उठते. तू जा."

"मी जात न्हाई. तुमी उठा."

मी नळाला धरलं. घामानं हात सुटला. परत धरलं. उजवा पाय पुढं घेतला, डाव्याला सांगितलं, आता न्हाई आला तर तुझं-माझं संपलं. आला. कडकड वाजत आला. दार उघडलं तर सून तिथंच. तिचं तोंड पांढरं पडल्यालं.

"आत्या, मला त्या बादलीचं काही न्हवतं," ती म्हनली. "पन त्या खुर्चीवर बसायला लागल्यापासनं तुमी माझ्याकडं बघत न्हवत्या. वर्षभर बघितलं न्हाई. ते मला परत नगं."

एवढं बोलली अन् गाईला पानी पाजाया गेली. लगीन होऊन आल्यापासनं ती माझ्याशी एवढं कधी बोलली न्हवती.

शेवटच्या शुक्रवारी मी जेवायच्या आधीच भित्ताशी गेले. जावंला म्हनले, "हे बघ, येते मी. तुझा नवस हाय, मोडनार न्हाई. पन एक पोळी. भात न्हाई. तूप न्हाई. ताटात जेवढं मी सांगीन तेवढं वाढ, तेवढं पुरं खाईन."

"बरं बाई, तुमी म्हनाल तसं," ती म्हनली. "रविवारी राहुरीकडचे पाव्हने येनार हाईत पोराला बघाया. तेवढं मनात धरा."

पाटावर बसले. पाच-सहा बाया हुत्या. एक पोळी वाढली, मी खाल्ली, सावकाश, चावून चावून. शेवटचा घास गिळला अन् बघते तर जाऊ दुसरी पोळी घेऊन उभी.

"नगं म्हनलं ना."

"अवो एकच. शेवटचा शुक्रवार हाय."

"ठरलं हुतं आपलं."

"असं नवसात ठरत असतंय व्हय? सवाशीन न्हाई म्हनतीच. घालनारीनं ऐकायचं नसतं." बाया हसल्या. एक म्हनली, "वाढ गं, वाढ. लाजती ती."

मी ताटावर हात आडवा धरला. आमच्यात असा हात धरला का वाढनारीला जोर चढतो. तिनं पोळी माझ्या हातावर ठिवली अन् वरून तुपाची धार धरली. तूप गरम हुतं. बोटांच्या मधून ताटात गळाया लागलं. सगळ्या बाया टाळ्या पिटू ऱ्हायल्या. जावंच्या तोंडाकडं बघितलं तर ती हसत न्हवती. तिचे डोळे भरल्याले हुते. तिला वाटत हुतं का ही पोळी माझ्या पोटात गेली तर तिच्या पोराच्या घरी बाई येईल.

अन् माझी बोटं, खरं सांगते, तोंडाकडं जाया निघाली हुती.

मी हात झटकला. पोळी ताटात पडली. डावा हात भुईला टेकला, उजवा भित्ताला, अन् उठाया लागले. एकीनं धराया हात पुढं केला, "हात लावू नका," मी म्हनले. गुडघा अर्ध्यात अडला. मी तशीच वाकून उभी, तूप लागल्याला हात भित्तावर घसरतोय. मंग उठले. भरल्या ताटावरून.

"बाई!" जाऊ वरडली. "ताट टाकून चालल्या? नवसाचं ताट? माझ्या पोराचं काही झालं तर?"

"पोराचं पोराच्या नशिबानं व्हईल."

"अन् तुमच्या कुकवाचं?"

ती बोलली अन् तिचंच तिला भ्या वाटलं, तोंडावर पदर धरला. मी उंबऱ्यातून बाहेर आले.

राहुरीचे पाव्हने रविवारी आले न्हाईत. फोन आला, पोरगी पुन्याला नोकरीला हाय, गावात यायची न्हाई. जावंनं भित्ताशी यायचं बंद केलं. ते मी धरून चालले हुते. पन पोळा झाला अन् आमचं म्हातारं तापानं पडलं. पयलं वाटलं बदलत्या हवेचा ताप. मंग खोकला, मंग दम. श्वास घेताना छाती अशी वाजायची जशी चाळीत वाळल्याली पात वाजती. नगरला दवाखान्यात नेलं. फुप्फुसात पानी झालं म्हनले. ऑक्सिजन लावला.

गावात काय बोलत असत्याल ते मला कोनी सांगाया नको हुतं. ते आज बरे हाईत, अंगनात बसून बिडीवरून नातवाशी भांडत्यात, म्हनून हे सांगाया सोपं जातंय. तवा सोपं न्हवतं. मी त्यांच्या उशाशी बसायची अन् ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पान्याचे बुडबुडे बघायची. थांबले तर? मी शिकल्याली न्हाई. आई सांगून गेल्याली गोष्ट मानूस असं एका दिवसात पुसून टाकत न्हाई. मनात यायचं, एक पोळी हुती. खाल्ली असती तर काय झालं असतं?

माझं पोरगं रात्री यायचं, दिवसा रान बघायचं. दिवसभर मीच. औषध आनाया खाली जा, रिपोर्ट आनाया वर जा, लिफ्ट बंद असली का जिना. संडास गॅलरीच्या टोकाला, खाली बसायचा. सकाळ-दुपार तिथं जायची अन् उठताना दर वेळी कडीला धरून मनात म्हनायची, अजून येतंय. इथं अडकले तर यांच्यापाशी कोन बसंल?

पाचएक दिवस झाले अन् दुपारी जाऊ आली. एकटी, यश्टीनं, पदर घट्ट गुंडाळून. हातात पितळंचा डबा. यांच्याकडं, तिच्या भावजींकडं, बघितलं, हात जोडले, मंग माझ्या समोर स्टुलावर बसली. आमी दोघी त्या दिवसापासनं बोललो न्हवतो.

"बाई, मी भांडाया आले न्हाई."

"बस की."

तिनं डबा उघडला. पुरनाची पोळी, चार. वर तूप. तो वास त्या दवाखान्यात, त्या फिनेलच्या वासात, असा पसरला का शेजारच्या खाटंवरच्या बाईनं मान वळवली.

"माझ्या नवसाचं जाऊ द्या," जाऊ म्हनली. "पोराचं व्हईल न्हाई तर ऱ्हाईल. पन तुमी ताट अर्धं सोडलं ते पुरं करा. एवढी एक खा. भावजींसाठी. माझे मालक गेले त्या वर्षी माझ्याकडनं शुक्रवार चुकला हुता. मी कोनाला सांगितलं न्हाई. मी गमावून बसले, बाई. तुमचं ऱ्हाऊ द्या."

अन् ती माझ्या पाया पडाया खाली वाकली. एवढ्या वर्साची माझी जाऊ. मी तिला धरलं.

मला काय वाटलं ते नीट सांगते. मला कुकवाचं भ्या हुतं, न्हाई असं न्हाई. पन त्याच्याहून मोठं भ्या दुसरंच हुतं. मला ती पोळी खायची हुती. पाच दिवस दवाखान्यातल्या पोळी-भाजीवर, झोप न्हाई, जीव टांगल्याला, अन् तोंडाला नुस्तं पानी सुटल्यालं. मालकासाठी खाते, रीत म्हनून खाते, जावंचं मन ऱ्हावं म्हनून खाते. अशी कारनं मी श्रावनभर दिली अन् एकेक कारनाबरोबर एकेक पोळी आत गेली. आता तर असं कारन आलं हुतं का त्याच्यापुढं कोनी न्हाई म्हनू शकनार न्हाई. म्हनूनच मला त्याचं भ्या वाटलं.

"तुझं चुकलं न्हवतं," मी तिला म्हनले. "त्याच्या छातीत आधीपासनं दुखत हुतं, तो सांगत न्हवता. आपल्या समद्यांना ठावं हाय."

"खा ना बाई."

"न्हाई खानार."

"तुमाला यांच्यापक्षी गुडघे मोठे झाले?"

हा बोल बसला. मी यांची चादर सारखी केली. मंग म्हनले, "यांना उठवून बसवायला मी लागते. मलाच उठवाया दोघी लागल्या तर यांचं कोन करील? तू रोज येशील?"

ती रडाया लागली. डबा मांडीवर, झाकन हातात.

तेवढ्यात खाटंवरनं आवाज आला. नाकात नळी, आवाज कसला, घोगरा निस्ता. "पुरन हाय का?"

आमी दोघींनी बघितलं. त्यांनी आल्यापासनं पेजंशिवाय काही घेतलं न्हवतं, ती बी दोन चमचे. नर्सबाईला इचारलं. ती म्हनली, "मऊ करून द्या, बसवून, थोडं थोडं. खातायत तर खाऊ द्या."

मी त्यांच्या पाठीमागं गेले, काखंत हात घातले, अन् वर वढून उशीला टेकवलं. हलके झाले हुते.

"सवाशिनीचं ताट गड्यानं खायचं असतंय का?" जाऊ डोळे पुसत म्हनली.

"सवाशीन खात न्हाई तर मी काय करू," ते म्हनले अन् खोकले.

तिनं वाटीत पोळी कुस्करली, वर दूध घातलं, अन् चमच्यानं भरवाया लागली. एक चमचा, दुसरा. पोळी दुधात भिजली तसा गुळाचा वास दुप्पट झाला. वाटी माझ्या हाताला लागंल एवढी जवळ हुती. चमच्याला लागल्यालं पुरन जाऊ वाटीच्या कडंला पुसायची, अन् माझे डोळे त्या कडंवरून हलंनात.

"तू भरव," मी म्हनले. "मी जरा बाहेर हाय."

गॅलरीत जाऊन खिडकीचा गज धरला. खाली रिक्षा लागल्याल्या, कोनी शहाळी इकत हुतं. मी गज सोडला न्हाई. आतून जावंचा आवाज येत हुता, "अजून एक घ्या भावजी, एकच, एवढंच," तोच आग्रह, तसाच. मी तिथंच उभी ऱ्हायले. डब्याचं झाकन लागल्याचं ऐकू आलं, तवा आत गेले.